फर्मा अजून सोडलेला नाही

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी छापखान्यातली सतरा नंबरची पेटी जमिनीवर पडली.

पेटीत शिशाचे खिळे होते. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, आणि पेटीच्या खणाखणांत ते वर्षानुवर्षं आपापल्या जागी नांदत होते. आता ते टेबलाखाली, मशीनखाली, पार उंबऱ्यापर्यंत पसरले. हे ज्याच्या हातून झालं, तो आत येऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. वळताना खांद्यावरची पिशवी पेटीच्या कडीत अडकली होती, एवढंच.

"मी... मी उचलतो—"

"एकाही खिळ्याला हात लावलात तर मशीनमध्ये बोटं घालीन. तुमची." मशीनपलीकडून ती ओरडली.

तो उकिडवा बसता बसता थांबला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. चेहरा बरा होता. रागातही तिला ते दिसलं, आणि म्हणून ती जास्तच चिडली.

छपाईच्या इतिहासाचा अभ्यास करणारं एक मंडळ शहरात आहे, त्याचा तो चिटणीस. हा इतिहास अभ्यासणाऱ्या आणि जपणाऱ्या एका व्यक्तीचा मंडळ दर वर्षी सन्मान करतं. यंदाचा समारंभ शुक्रवारी सायंकाळी सहाला होता. मानपत्र हातानं खिळे जुळवूनच छापायचं, असा मंडळाचा दंडक. तसं छापणारा छापखाना हा एकच उरलेला, आणि तो ती चालवत होती.

त्यानं आणलेला मजकूर तिनं हातात घेतला. सन्मान एका प्राध्यापकांचा होता. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'बंद पडलेल्या छापखान्यातील खिळ्यांच्या बेचाळीस पेट्या वितळण्यापासून वाचवून त्यांनी...'

"हे कोणी लिहिलं?"

"मी. सरांच्या पुस्तकाच्या आधारानं."

"त्या पेट्या कुठे आहेत, माहीत आहे?"

"...नाही."

"एकेचाळीस तुमच्या पाठीमागे आहेत. एक तुम्ही आत्ताच पाडलीत."

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिची आत्या खिळे पुसत बसली होती. चाळीस वर्षं ती अक्षरं जुळवत आलेली; आधी त्या बंद पडलेल्या छापखान्यात, मग इथे. मालकानं सगळं शिसं भट्टीला द्यायचं ठरवलं, तेव्हा तिनं एकटीनं हातगाडी ओढली. अकरा खेपा. प्राध्यापक उगवले ते पुढे सात वर्षांनी. महिनाभर ते याच छापखान्यात बसून विचारत राहिले, आत्या सांगत राहिली. पुस्तक आलं. शेवटच्या पानावर 'एका मदतनीस बाईंचे' आभार होते.

"पुरावा आहे का काही?" चिटणिसानं विचारलं. हळूच विचारलं, पण विचारलं.

ती अशी भडकली की आत्याला हातातलं फडकं खाली ठेवावं लागलं.

"अगं, त्याचं कामच आहे ते," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही हो, आधी सांडलंत ते वेचून द्या. दंड समजा."

बुधवारी तो बाह्या दुमडून जमिनीवर बसला. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. दर तिसरं अक्षर त्याच्या हातून भलत्याच खणात जात होतं.

"वाचायला शिकवलं नाही का कोणी?"

"सुलटं शिकवलं होतं."

"तेही कच्चंच. चौथी ओळ पाहिली मी."

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?"

"छे. आज जरा सौम्य आहे."

तो हसला. तिनं आपलं हसू गिळलं. त्यानं शाईच्या बोटानं चष्मा वर ढकलला आणि नाकावर काळा ठिपका उमटला... तिला तो पुसावासा वाटला. तिनं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. जोरात.

साडेचारला तिनं सगळे खिळे पुन्हा एका थाळीत काढून रिकामी पेटी झटकायला पालथी केली, तेव्हा तळाला घातलेला कागद सुटून खाली आला. पिवळा पडलेला, पण अक्षर स्पष्ट. 'बेचाळीस पेट्या भट्टीला पाठवणे रद्द. बाईंनी स्वतः नेल्या.' खाली जुन्या मालकाची सही, आत्याचं पूर्ण नाव, तारीख. प्राध्यापकांनी या शहरात पहिलं पाऊल टाकलं, त्याच्या सात वर्षं आधीची.

"आत्या! हा कागद तू पेटीच्या तळाला घातलास?"

"चांगला जाड होता," आत्या म्हणाली.

गुरुवारी दुपारी तो भिजून आला. छत्री हातात होती, उघडायची राहिली होती.

"अध्यक्ष म्हणतात, आमंत्रणं गेली आहेत. मजकूर जसाच्या तसा छापायचा. बाईंचं पुढच्या वर्षी बघू."

"आणि तुम्ही मान डोलावलीत."

"मी कागद दाखवला. त्यांनी वाचला. घडी घालून परत दिला."

"मग इथे काय ठिबकत उभे आहात? एकदा छापलं की तेच खरं होतं हो! पन्नास वर्षांनी तुमच्यासारखाच कोणी चष्मेवाला येईल आणि हेच मानपत्र आधाराला घेईल. तोवर आत्याही नसेल, मीही—"

आवाज फुटला तशी ती पाठ फिरवून उभी राहिली. मग तिनं मजकूर जुळवायला घेतला. दातओठ खात, पण एकही चूक न करता. रागानं काम बिघडवणं तिच्या रक्तात नव्हतं. प्रूफ काढून तिनं त्याच्यापुढे आदळलं. प्रूफवर सही झाल्याशिवाय छपाई नाही, हा छापखान्याचा नियम.

त्यानं पेन काढलं. चौथी ओळ खोडली. समासात लिहिलं, की पेट्या आत्यानं वाचवल्या आणि तिनं सांगितलेल्या माहितीवर प्राध्यापकांचा अभ्यास उभा आहे. आत्याचं नाव पूर्ण लिहिलं. सही केली, आणि सहीखाली आणखी एक ओळ: 'हा बदल मंडळाला मान्य नाही. जबाबदारी माझी.'

"डोकं ठिकाणावर आहे का? काढून टाकतील तुम्हाला."

"शक्य आहे."

"माझ्यावर उपकार म्हणून करत असाल तर—"

"ओळ माझी होती. मी चुकलो, मी सुधारतोय. तुमच्यासाठी जे आहे ते वेगळंच आहे... पण तुमच्या हातात हातोडी आहे."

तिनं हातोडी टेबलावर ठेवली. "बोला."

"मला इथे रोज यायचंय. तुमचा राग ओसरेपर्यंत."

"तो ओसरत नाही."

"तेच बघून म्हणतोय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं. बरंच झालं, नाहीतर त्याला तिचा श्वास ऐकू गेला असता.

"पण चोरून नाही," ती म्हणाली. "प्राध्यापकांनीही न विचारताच घेतलं होतं. उद्या समारंभाच्या आधी अध्यक्षांना तोंडावर सांगायचं."

"सांगतो. आणि तुमचं उत्तर?"

"फर्मा सोडताना देईन."

जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत आवळला की त्याचा फर्मा होतो. काम पुरतं संपलं की तो सोडतात आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत जातात. काम संपायच्या आधी सोडत नाहीत.

छपाईला घेण्यापूर्वी आत्या उठून आली. नवी ओळ तिनं बोटानं चाचपली. हजारो लोकांची नावं तिनं जुळवली होती; स्वतःचं कधी बोटाखाली आलं नव्हतं. बोट बराच वेळ तिथंच होतं.

"तिसरा खिळा झिजलाय," ती शेवटी म्हणाली. "बदल."

शुक्रवारी पावणेसहाला चिटणिसानं अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष संतापले, पण छापलेलं मानपत्र ते एकच होतं. सहा वाजून बावीस मिनिटांनी त्यानं ते माइकवर वाचलं. चौथ्या ओळीला त्याचा आवाज कापला, थांबला मात्र नाही. प्राध्यापक उठले. "ही माहिती मला तपासावी लागेल," एवढंच बोलले आणि मानपत्र न घेता खाली बसले.

"तपासा की," शेवटच्या रांगेतून आत्या म्हणाली. "मी तिथेच असते."

ती आत्याशेजारी मुठी आवळून बसली होती. चिटणिसानं व्यासपीठावरून पाहिलं ते प्राध्यापकांकडे नाही, अध्यक्षांकडेही नाही. तिनं नजर हलवली नाही.

सोमवारी अकरा वाजता मंडळाची बैठक सुरू झाली. विषय दोन: दप्तरात मानपत्राचा कोणता मजकूर ठेवायचा, आणि चिटणीस ठेवायचा की नाही. दुपारी एक वाजून वीस मिनिटांपर्यंत बैठकीचं दार उघडलं नव्हतं. प्राध्यापकांकडून काही निरोप नव्हता. छापखान्यात फर्मा टेबलावर तसाच होता, शेजारी हातोडी.

"सोडायचा का गं?" आत्यानं विचारलं.

"हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं.