कोंडिबांची एक ओळ

कपाटाचं दार कुरकुरलं आणि दुपारची शांतता मोडली. लेक तनया झोपली असं समजून मी वही उघडली होती. बघते तर ही खालच्या कप्प्यातून निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक ओढून फरशीवर फतकल मारून बसलेली. तळ्याकाठच्या गोल्फ क्लबचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास. हिंदीतला. मीच लिहिलेला, लग्नाआधी.

फोटो बघते म्हणाली. बघू दे... तेवढाच मला अर्धा तास.

बाबा बँकेच्या बदलीने जयपूरला आले, क्लबचे मेंबर झाले, आणि इतिहासात एम. ए. झालेल्या त्यांच्या मुलीला कमिटीने हे काम दिलं. पहिल्याच सकाळी मी तळ्याजवळच्या नवव्या होलपाशी गेले. पाणी खारं, म्हणून होलभोवती हिरवळ नव्हती. तेल घालून बसवलेली बारीक वाळू होती. मी सरळ तिच्यावरून चालत गेले.

“अगं बाई...” मागे वळून मी पुटपुटले. पावलं उमटली होती, चांगली खोल.

“तुम्ही मराठी?” गोणपाट ओढत येणारा तरुण हसला.

तो निलय. प्रत्येक डावानंतर वाळूवरून गोणपाट फिरवून पावलं पुसायची, हे त्याच्या घरचं काम. आजोबा कोंडिबा एका फौजी साहेबाबरोबर साताऱ्याहून आले, आणि ही वाळू त्यांनीच बसवली. त्याचं मराठी अडखळत यायचं. मला ते आवडायला लागलं होतं.

त्याने सगळी पावलं पुसली – एक सोडून.

“हे राहिलं,” मी म्हटलं.

“राहू दे ना... मतलब, उद्या आलात की पुसतो.”

मी गेले. मग रोजच गेले. तळ्यावरचा वारा, वाळूचा तेलकट वास, त्याच्या डब्यातली बाजरीची भाकरी – अर्धी माझी. त्याने मागितलं ते एकच. पुस्तकात कोंडिबांची एक ओळ. आईला दाखवायची होती त्याला. मी शब्द दिला.

कमिटीने ती ओळ खोडली. नोकरांची नावं अशा पुस्तकात नसतात म्हणे. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बदली आहे, वाद कशाला. मी छापायच्या प्रतीवर सही केली. निलय समजून घेईल, असं धरून चालले.

प्रकाशनाला तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्च्यांमागे उभा होता, आई इंदुबाईंना घेऊन. त्याने पुस्तक पुढून मागे चाळलं. मग मागून पुढे. इंदुबाई हळूच विचारत होत्या, कुठंय रे...

दुसऱ्या दिवशी मी धावत नवव्या होलपाशी गेले.

“निलय, माझं तुझ्यावर –”

“हे पण लिहायचं राहिलं का?”

आवाज चढलासुद्धा नाही. गोणपाट ओढत तो माझ्या पायांपर्यंत आला आणि थांबला. मी बाजूला झाले. मी उभी होते तिथलंही त्याने पुसलं. या वेळी एकही पाऊल ठेवलं नाही.

इकडे तनया फोटोखालची नावं बोटाने एकेक लावत होती. डावीकडून चार साहेब, चार नावं. बोट पुढे सरकलं... कडेला गोणपाट धरून उभ्या असलेल्या पाचव्या माणसावर थांबलं.

“मम्मा, या आजोबांचं नाव कुठंय?” तिने मान वर केली. “तूच लिहिलंयस ना हे?”