ऐंशीनंतरच्या ओळी

श्रवणयंत्रांच्या दुरुस्तीचं तिचं छोटं दुकान होतं. तिथल्या मागच्या खोलीत तिनं जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब प्रतिकृती बांधायला घेतली, तेव्हा दादाला जाऊन आठ महिने झाले होते. तसल्याच कॉम्प्युटरवर बहीण-भावानं लहानपणी मिळून एक खेळ लिहिला होता. पुढे दोघांचं बिनसलं आणि रागाच्या भरात तिनं तो कॉम्प्युटर, खेळाच्या कॅसेटसकट, भंगारात दिला. दादा चकार शब्द बोलला नाही. तेच तिला सलत राहिलं.

आता बोर्ड नवा, चिप नवी, बटणंही नवी. जुनी होती ती फक्त ठेवण आणि पडद्यावरची हिरवी अक्षरं. जेवणाच्या सुट्टीत ती एकेक सांधा सोल्डर करायची. वितळलेल्या धातूच्या त्या वासानं तिला पुन्हा चौदा वर्षांची झाल्यासारखं वाटायचं.

यंत्र सुरू झालं, त्या दुपारी तिनं आठवून आठवून खेळाच्या चाळीस ओळी टाइप केल्या. पुढचं काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी बघते तर बावन्न ओळी.

आपणच लिहून विसरलो असू, अशी तिनं मनाची समजूत घातली. यंत्राला इंटरनेट नव्हतं, दुकानाची किल्ली तिच्या एकटीकडे. तिसऱ्या दिवशी सत्तर ओळी झाल्या. स्पेलिंगच्या चुकासुद्धा दादाच्याच. त्या संध्याकाळी तिनं यंत्राची विजेची वायर काढून घरी नेली.

सकाळी वायर परत जोडली, तर ऐंशी. आणि खाली, रोमन अक्षरांत, खेळाशी संबंध नसलेली एक ओळ.

तिनं वहिनीला बोलावून घेतलं. वहिनीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं ती ओळ अक्षरं जुळवत वाचली: "ती अजून बाहेरच बसलीय का?"

वहिनी झटकन तिच्याकडे वळली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तुझी वाट बघत होते. तू काही आली नाहीस. मी म्हटलं, बाहेर बसलीय, डॉक्टर आत सोडत नाहीत. मग सारखं हेच विचारत राहिले." वहिनीनं पडद्यावरच्या ओळीकडे बोट दाखवलं. "खोलीत मी एकटीच होते गं."

तिला रडू आवरेना. डोळे न पुसताच तिनं टाइप केलं: "दादा, मी आले."



पडद्यावर एकेक अक्षर उमटलं.

"आत आलीस ना? दार लावून घे."

दोघींनी मागे पाहिलं. दाराला आतून कडी लागलेली होती. दोघींपैकी कुणीच ती लावली नव्हती.