सतराचा पाना

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण शेळगीच्या मल्लूने हे मला स्वतः सांगितलं, आणि तो गडी उगाच देवाची शपथ खात नाही.

गेल्या मे महिन्यातली अमावस्या. रात्र नव्हे, भर दुपार. सोलापूरचं ऊन असं, की गल्लीत कुत्रंही नव्हतं.

मल्लू अंगणात पत्र्याच्या सावलीला धाकट्या भावाच्या, प्रभुच्या मोटारसायकलचं इंजिन खोलत बसला होता.

प्रभु खंडेनवमीला याच गाडीवर गेला. अक्कलकोट रोडला चाक एकदम जाम झालं, आणि मागून ट्रक...

त्या सकाळी गाडीचं ऑइल मल्लूनेच बदललं होतं. ऑइल अडवणारा खालचा बोल्ट बोटांनी लावला. आवळायला सतराचा पाना बघतो तर अव्वाने, म्हणजे त्याच्या आईने, सगळे पाने हळदकुंकू लावून पूजेत मांडलेले.

"पूजेतला पाना उचलू नको. उद्या आवळ की!"

मल्लू आंघोळीला गेला. तेवढ्यात अव्वाने प्रभुला मामाच्या शेतातला झेंडू आणायला धाडलं.

अपघातानंतर गाडीला तो बोल्टच नव्हता. लोक म्हणाले, आपटून तुटला असेल. त्या 'असेल'वर मल्लूने सात महिने काढले. पण अव्वा रोज रडायची, "मीच धाडलं लेकराला." ते ऐकवेना, म्हणून आज इंजिन खोललं.

पिस्टन गुळगुळीत निघाला, तर ऑइल शेवटपर्यंत होतं. दोष कुणाचाच नाही.

ओरखडे निघाले, तर...

नजर इंजिनावर ठेवून त्याने सवयीने हात मागे केला. "बारा."

पाना हातात पडला.

"दहा."

तोही पडला.

मग त्याच्या लक्षात आलं. न बघता हात मागे करायचा आणि पाना द्यायचा, हे काम प्रभुचं होतं.

"अव्वा?"

"काय रे?" आवाज आतून आला. ती भाकरी थापत होती.

मागे... कुणीच नाही. फक्त जळक्या ऑइलचा वास.

 तरी हात काम करत राहिले. पिस्टनवरचा ब्लॉक निघेना. दोन ठोके दिले तेव्हा कुठे निघाला.

पिस्टन वरपासून खालपर्यंत खरवडलेला. कोरडा ठणठणीत.

"प्रभ्या, चुकलं रे माझं," एवढंच तो म्हणाला.

तेव्हा सवयीने मागे गेलेल्या तळहातावर काहीतरी टेकलं...

सतराचा पाना. कुंकू अजून ओलं. आणि सोबत तो हरवलेला बोल्ट, चटका बसेल इतका गरम.

"मल्लू, काय निघालं रे?" अव्वा दारात उभी होती.

काय सांगणार? पाना उचलू नको, हे शब्द तिचेच.

"पिस्टन चांगला हाय अव्वा. कुणाचीच चूक न्हाय."

तिने सात महिन्यांनी मोकळा श्वास घेतला आणि आत गेली.

आणि मल्लूच्या अगदी कानाशी... कुणीतरी उसासा टाकला.

तो सुटकेचा होता की रागाचा, त्याला आजही कळत नाही. बोल्ट त्याच्या खिशात असतो. परवा माझ्यापुढे धरला.

"हात लावून बघ की. अजून गरम हाय."

मी नाही लावला.