मंगळवारचे रिकामे ट्रक

"संध्याकाळपर्यंत राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत देतो, असं सांगितलंय मला," ती बाई म्हणाली आणि बसायचं विसरून उभीच राहिली.

टाचणीने तिला खुर्ची दिली. टाचणी हे काही खरं नाव नव्हे. नेमकं दुखेल तिथे टोचायची सवय म्हणून घरच्यांनी ठेवलेलं ते नाव पुढे तिच्या खाजगी तपासाच्या धंद्यालाही चिकटलं. धंद्यात सोबतीला तिचे मामा. मामा मनाने निर्मळ, अंगाने भारदस्त आणि डोक्याने सावकाश.

बाई पाण्याचे पंप बनवणाऱ्या, शेअर बाजारातल्या एका मोठ्या कंपनीत होती. तिचं काम कंपनीच्या बाहेर बघायचं. व्याजाचे दर कुठे चाललेत, तांबं महागणार का, सरकार आयातीवरचा कर वाढवणार का, स्पर्धेतला समोरचा पंपवाला काय शिजवतोय, याचा अहवाल ती दरवर्षी संचालकांपुढे ठेवी. ऑफिसात तिला 'वेधशाळा' म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, आता दातओठ खाऊन.

तिने लिहिलं होतं की समोरचा कारखाना शेवटचे आचके देतोय. त्या भरवशावर कंपनीने भलंमोठं कर्ज काढून नवं युनिट उभारलं, किमती चढवल्या. आणि आचके देणाऱ्याने एके दिवशी स्वस्त पंपांनी बाजार भरून टाकला. कंपनीचा माल गोदामात पडून राहिला, शेअर कोसळले आणि आता समोरचाच ते पडत्या भावात गोळा करत होता. कंपनीच गिळायची होती त्याला.

"अध्यक्षबाई भर हॉलमध्ये मला चोर म्हणाल्या. पैसे खाऊन खोटं लिहिलं म्हणाल्या," वेधशाळा सांगू लागली. "नोकरी गेली तर जाऊ दे. पण तिथे मी हाताला धरून शिकवलेली माणसं बसतात. त्यांच्यासमोर लागलेलं 'चोर' हे नाव त्यांच्यासमोरच पुसलं गेलं पाहिजे."

टाचणीने बाकीच्या अंदाजांचं काय झालं ते विचारलं. व्याज वाढलं होतं, तांबं महागलं होतं, कर होता तिथेच राहिला होता. सगळं तिने लिहिल्यासारखंच.

"म्हणजे चुकलं ते एकच," टाचणी म्हणाली. "व्याजदराला कुणी पढवू शकत नाही. शेजाऱ्याला मात्र नाटक करता येतं. त्याच्याकडे तुम्ही बघायचात कशा?"

वेधशाळेचा कागदावरच्या बातम्यांवर विश्वास नव्हता. दर मंगळवारी कंपनीची गाडी तिला चौकातल्या छपराखाली सोडी. तिथून मागच्या बोळाने ती एका शिंप्याच्या माडीवर जाऊन बसे आणि समोरच्या कारखान्याच्या आवारातून निघणारे ट्रक बघे. भरलेला ट्रक दबून चालतो, रिकामा उड्या मारतो. तिच्या डोळ्यांसमोर वर्षभर ट्रक उड्या मारत होते. मंगळवारी ती पाहणीला जाते हे वरच्या सगळ्या साहेबांना ठाऊक होतं. कुठे बसते हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, ड्रायव्हरलासुद्धा नाही.

तिघेही तडक शिंप्याकडे गेले. मामांना जिना झेपणार नव्हता, म्हणून ते रस्त्यावरच थांबले आणि माडीची खिडकी शोधत मान मोडेपर्यंत वर बघत राहिले. दुकानाचं उतरतं पत्र्याचं छप्पर रस्त्यावर पुढे आलेलं होतं. त्याच्या आड खिडकी कुठे दिसेना.

वर खिडकीत ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. कोपऱ्यात एक जुनी, मोठी छत्री उभी होती.

"या बाई घरात छत्री उघडून बसायच्या," शिंप्याची बायको हसू दाबत म्हणाली. "माझीच छत्री. मी म्हटलं, बसा, उन्हाने तुमचा रंग उडायला नको."

वेधशाळा लाजली. तिची स्वतःची छत्रीच नव्हती. घरून ऑफिस आणि ऑफिसातून चौक, सगळं गाडीने.

शिंपी खाली मशीनवर होता. तो म्हणाला की एरवी ट्रक असे घरघरत जातात की त्याची शिवण वाकडी होते. "बाई आल्या की कसं शांत. मी हिला म्हणायचो, पायगुण बघ बाईंचा."

टाचणी मामांकडे बघून हसली. मामाही हसले, कारण पायगुण त्यांनाही पटला होता.

कंपनीत कुणी पाणी विचारलं नाही. अध्यक्षबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं की वेळ वाया घालवायला त्यांना आवडत नाही आणि हेरगिरी करणाऱ्या बायका तर त्याहून आवडत नाहीत. त्यांचे पती, कंपनीचे संस्थापक, गेल्यावर त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि खुर्ची कुणी ओढेल या धास्तीने तिला घट्ट धरून होत्या.

पहिला भेटला त्यांचा जावई. पैशाचे व्यवहार तो बघे. त्याने टाचणीला बसूच दिलं नाही. त्या बाईच्या शब्दावर आपण कर्ज उचललं आणि आता बँकवाले आपल्या घरी फोन करतात, असं तो ओरडून सांगत होता. शेअर पडायच्या आधी त्याने बायकोचे शेअर विकले होते, हे वेधशाळेने वाटेत सांगितलं होतं; टाचणीने ते विचारताच तो आणखी ओरडला. घर बांधायला विकले, म्हणाला, आणि सासूबाईंना विचारून विकले.

विक्रीप्रमुख ओरडला नाही, नुसता कुत्सित हसला. "माझे दुकानदार सांगत होते, समोरचा माल येतोय म्हणून. पण आमच्या वेधशाळेला मंगळवारी रिकामे ट्रक दिसतात ना, मग आमचं कोण ऐकतो?" समोरच्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केल्याचं त्याने लपवलं नाही. घर जळत असताना आतच बसून राहायला आपण काही मांजराचं पिल्लू नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

तिसरे होते काका, अध्यक्षबाईंचे दीर. खरेदी आणि गाड्या त्यांच्याकडे. त्यांनी मामांना चहा दिला, वर बिस्किटं दिली.

"पोर कष्टाळू हो," काका हळहळले. "उन्हाचा त्रास तिला, तरी डोक्यावर छत्री धरून तासन्‌तास बसायची. मंगळवारची गाडी मीच लावून दिली होती. एवढं करून नशिबी हे आलं. वहिनी रागीट आहे, पण मी सांगेन तिला, पोलिसांत नको, राजीनाम्यावर भागव."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "एवढ्या सापांत हा एकच माणूस भेटला बघ."

"मामा, बिस्किटं बाजूला ठेवा आणि काका काय म्हणाले ते पुन्हा आठवा," टाचणी म्हणाली. मामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्यांना बिस्किटंच आठवली.

मग तिने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलवायला लावलं. अध्यक्षबाईंसमोर राजीनाम्याचा टाइप केलेला कागद तयार होता. वेधशाळा भिंतीला टेकून उभी होती.

"वेधशाळेने जे लिहिलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं," टाचणीने सुरुवात केली. "ट्रक खरोखर रिकामे होते, पण फक्त मंगळवारी. इतर दिवशी ते इतके भरून जातात की शिंप्याची शिवण वाकडी होते. समोरच्याने आठवड्यातून एकदा तिच्यासाठी तमाशा उभा केला. तिची चूक एवढीच की ती दर वेळी एकाच वारी गेली. आणि एकच वार का? कारण गाडी त्याच दिवशी मिळायची."

"मंगळवार आम्हा सगळ्यांनाच माहीत होता," जावई फिस्कारला.

"हो ना. म्हणून मंगळवारावरून मी कुणाला धरत नाही. मी छत्रीवरून धरते."

काकांचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"काका म्हणाले, ती छत्री धरून तासन्‌तास बसायची. तिच्याकडे छत्री नाही. ती छत्री शिंप्याच्या बायकोची, आणि ती खोलीबाहेर कधी गेली नाही. खिडकी रस्त्यावरून दिसत नाही, आमच्या मामांनी मान मोडून खात्री केलीय. ती दिसते फक्त समोरच्या कारखान्याच्या आवारातून. मग काकांनी छत्री पाहिली कुठून?"

"कुणीतरी बोललं असेल," काका म्हणाले.

"समोरच्यांपैकीच कुणीतरी. इथे ती कुठे बसते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही पाहिलं असो की त्यांनी हसत हसत सांगितलं असो, काका, तुमचं जाणं-येणं त्याच फाटकातून."

अध्यक्षबाईंनी दिराकडे पाहिलं. आता काकांनी नाकारायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सज्जनपणा इतका झटकन उतरला की मामांना बिस्किटं पोटात टोचू लागली.

"दादाबरोबर कारखाना मी उभा केला," काका शांतपणे म्हणाले. "खुर्ची मात्र तुला मिळाली, वहिनी. मला खिळे-मोळे खरेदी करायला ठेवलं. समोरचे मला ती खुर्ची देणार आहेत. हिच्याशी माझं वैर नव्हतं. कुणावर तरी खापर फुटायचं होतं, एवढंच."

वेधशाळेला हे 'एवढंच' सगळ्यात लागलं. वैर असतं तर तिला निदान रागावता आलं असतं.

अध्यक्षबाईंनी काकांना बाहेर बसवून वकिलाला बोलवायला सांगितलं. राजीनाम्याचा कागद त्यांनी फाडला. मग काही घडलंच नाही अशा आवाजात त्या वेधशाळेला म्हणाल्या, "उद्यापासून ये कामावर."

"नाही," वेधशाळा म्हणाली.

"पगार वाढवते."

"तुम्ही मला चोर म्हणालात ते या खोलीत नाही."

जावई काहीतरी पुटपुटला, विक्रीप्रमुखाने खाली पाहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी कारकुनांसमोर जायचं म्हणजे काय, हे अध्यक्षबाईंच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. टाचणीला त्या क्षणी त्यांची मनापासून चीड आली आणि तिने ती लपवली नाही.

शेवटी अध्यक्षबाई उठल्या. हॉलचं दार त्यांनी स्वतः उघडलं. आतली कुजबुज थांबली, माना वर झाल्या.

"ही चोर नाही," त्या म्हणाल्या. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "चोर माझ्या घरात होता. मी हिला तुमच्यासमोर नको ते बोलले. मी चुकले."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खिडकीजवळची एक मुलगी उठली, वेधशाळेच्या टेबलावर कुणीतरी रचून ठेवलेले रिकामे खोके तिने उचलून खाली ठेवले आणि खुर्ची फडक्याने पुसली. वेधशाळा जाऊन तिथे बसली, आणि मग सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली.