बुधवारची ओळ

ऐक आधी. मधी बोलू नको.

खोटं वाटलं तर खुशाल उठून जा. पण हे माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यादेखत.

मागचा वैशाख. सत्त्याऐंशी साल. बेंबळीच्या पुढं आमचं गाव. आन् रात्रबित्र न्हाय रं... भर दुपार.

त्या साली गावात एकच विहीर जिती होती. तळाला गुडघाभर पाणी. बाप्ये बहुतेक रोजगार हमीवर, खडी फोडायला. मग रोज एका घरची बाई दोराला धरून खाली उतरायची. वाटीनं बादली भरायची आन् वर ओरडायची, "ओढा!"

पाळीवरनं लई भांडणं. वहीत खाडाखोड व्हायची. म्हणून पाणी सोसायटीचे चेअरमन महालिंगप्पा आमच्या दादाला म्हणले, "शिवशरण, तुझ्या त्या काम्प्युटरवर कर यादी. मशीनला भावकी नसती."

दादानं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हापिसातनं आणला होता तो. टीव्हीसारखा डबा, तारेनं जोडलेला कीबोर्ड, टरटर करणारा प्रिंटर.

दादा इंग्रजीत नावं टाकत होता. बुधवारी गिरणीवाली प्रेमाबाई.

टाकलं... आन् नाव पुसायला लागलं.

मागनं पुढं. एकेक अक्षर.

खट्... खट्... खट्...

आठ अक्षरं. आठ खट्.

दादाचे हात मांडीवर होते.

अव्वा, म्हंजे आमची आई, चुलीपासनं म्हणली, "मुंगी शिरली आसंल. झटक की जरा."

दादानं बटणं उचकटली. ब्रशनं धूळ काढली, स्पिरिटनं पुसलं. पुन्हा नाव टाकलं.

पुन्हा पुसलं.

मग त्यानं नाव टाकलं आन् लगेच तार उपसली. कीबोर्ड उचलून खाटंवर ठेवला. "आता बघू कसं पुसतंय."

आमी बघत बसलो.

खट्...

आवाज खाटंवरनं आला.

बाकीच्या वारांची नावं जशीच्या तशी. बुधवारची ओळ तेवढी मोकळी.

"जुना माल हाय," दादा म्हणला. हसला पण. यादी छापली आन् प्रेमाबाईचं नाव पेनानं लिहून दिलं.

बुधवारी प्रेमाबाई उतरली. "ओढा!" ओढली. "ओढा!" ओढली.

मग आवाज थांबला...

बादली मात्र भरून येत राहिली. तीन बादल्या. वरच्या बायकांना वाटलं, दमली आसंल.

मग बादलीबी येईना. एक माणूस खाली उतरला तवा प्रेमाबाई पाण्याच्या कडंला बसलेली. गेलेली. अंगावर ओरखडा न्हाय. लुगडं कोरडं. हातात भरलेली वाटी.

डॉक्टर म्हणला, विहिरीतला गॅस. मग कंदील सोडून बघितला, गॅस आसला तर विझतो म्हणून.

विझला न्हाय.

दुसरं पाणीच न्हवतं गावाला. तिसऱ्या दिवशी पाळ्या पुन्हा चालू.

पुढच्या आठवड्याची यादी. बुधवारी आमचं घर. दादानं अव्वाचं नाव टाकलं, जगदेवी.

खट्...

दादा पांढराफटक.

"माझं टाक," मी म्हणलो. टाकलं. गेलं. दादानं स्वतःचं टाकलं. तेबी गेलं.

आन् मग... मीच म्हणलो रं. मीच. "दुसऱ्या घरचं टाकून बघ की."

गुरुवारी शेजारची चांगुणा होती. पिराजीची बायको. दादानं तिला बुधवारात घेतलं.

आमी वाट बघितली. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

नाव राहिलं.

अव्वाला गुरुवारात टाकलं. तेबी राहिलं.

दादानं एवढा मोठा श्वास सोडला. म्हणला, "ठेवलंय म्हंजे धोका न्हाय. प्रेमाबाईचं ठेवत न्हवतं, बघ." मलाबी पटलं. शप्पथ, पटलं. अव्वाला आमी काय बोललो न्हाय.

बुधवारी चांगुणा विहिरीवर आली ती करवादतच. "माझा गुरुवार होता की!"

कुणीतरी म्हणलं, "मशीननं घातलंय बाई."

"व्हय? मशीनला माझंच घर दिसलं?" म्हणली आन् पदर खोचून उतरली. आधी कंदील सोडला होता. चांगला जळत होता.

मी काठावर उभा. आवाज मोजत.

"ओढा!"

"ओढा!"

"ओढा!"

मग...

बादली भरून आली. आवाज न्हाय.

मी तिच्या नावानं बोंबललो. खालनं कायच न्हाय. पाण्याचा आवाजबी न्हाय.

फकस्त दोराला हिसका बसला. ओढा म्हणल्यावानी.

चांगुणाबी तशीच बसलेली. लुगडं कोरडं.

दुसऱ्या दिवशी अव्वा उतरली. आमी पाय धरले, ऐकली न्हाय. "पाळी म्हंजे पाळी," म्हणली. खडखडीत वर आली.

दादानं ते मशीन पोत्यात बांधून माळ्यावर टाकलंय. लाइटीची तार न्हाय, काय न्हाय. तरी दुपारी घरात कुणी नसलं की मी वर बघतच न्हाय.

पण त्याचं न्हाय मला काय वाटत.

तेराव्यानंतर पिराजी आला. उंबऱ्यावर बसला. मग म्हणला, "शिवा, यादी मशीननंच केली न्हवं? कुणी हात न्हाय ना लावला?"

दादानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाय," म्हणला.

पिराजीनं मान हलवली. माझ्या हातानं पाणी पिऊन गेला.

आता तू सांग. आई तुझी आसती, त्या ओळीत कुणाचं तरी नाव घालावंच लागलं आसतं... तू काय केलं आसतंस?