दुसऱ्या सीटमधली गाठ

त्या गाडीसाठी टाचणीने आजवर दोन-चार कव्हरं शिवली होती, पण गाडी दिसते कशी, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या गल्लीतल्या मालकीणबाईंच्या गॅरेजमध्ये ती वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली. कव्हर विटलं की मालकीणबाई नवं शिवायला सांगायच्या. टाचणी जुन्यावरच नवं चढवायची आणि खालून सुतळीची अशी गाठ मारायची की वाऱ्यालासुद्धा आत शिरताना परवानगी मागावी लागेल.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान तिच्या आत्याचं, आणि आत्याच्याच हाताखाली ती शिवणयंत्रावर बसायला शिकली. अंगाने बारीक, उंचीने बेताची, आणि तोंड उघडलं की टोचायचीच. आत्याने गमतीने ठेवलेलं नाव सगळ्या गल्लीच्या तोंडी बसलं.

एक दिवस मालकीणबाईंनी ती गाडी विकली, आणि गाठी काही केल्या सुटेनात. टाचणीला निरोप आला, तूच बांधल्यास, तूच ये आणि सोडव. ती कात्री घेऊन गेली, जमिनीवर बसली, एक डोळा मिटून सुतळीचा पीळ शोधला आणि कच्चकन कापला. कव्हरं सरकत खाली आली... आणि गाडीच्या पलीकडे उभा असलेला एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण तिला दिसला.

"काय सुंदर आहे..." तो पुटपुटला.

टाचणीने चटकन मान खाली घातली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. असं तोंडावर कुणी म्हणतं का? मग तिने हळूच वर पाहिलं. साहेब गाडीशी बोलत होते.

ओळख ना पाळख, आणि त्या क्षणी तिला जे काही वाटलं त्याला मराठीत सवतीमत्सर असा अगदी नेमका शब्द आहे.

गाडी होतीही तशीच. दोनच सीटांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, लांब नाकाची. लाल रंग उडून विटकरी झालेला, टायर बसलेले, छपराच्या जागी नुसत्या पट्ट्या. तिच्यावरून तो हात असा फिरवत होता, की टाचणीला तिथे थांबणं अवघड झालं. ती कात्री घेऊन निघणार, तेवढ्यात त्याने सीटा दाखवल्या. आत उंदरांचा भरला संसार होता. सीटा नव्याने शिवायला हव्या होत्या, आणि ते काम करणारी सगळ्या भागात एकच होती.

असा तो दुकानात येऊ लागला. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारी ते बंद करून यायचा, फोमच्या तुकड्यांवर बसायचा आणि गाडीबद्दल बोलत राहायचा. मालकीणबाईंचे यजमान त्याचं गिऱ्हाईक. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी लावून ठेवली, ती कायमचीच. तरी दर वेळी नवा नंबर काढून घ्यायला यायचे आणि खुर्चीतून उठता उठता विचारायचे, आता चालवता येईल ना रे? त्याच्याने नाही म्हणवायचं नाही. पुढच्या वेळी बघू, म्हणायचा. मग ते गेले. गाडी विकायची आहे असं कानावर आलं तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायला त्याचं मन झालं नाही.

हे सांगताना तो बाहेरच्या भुरभुर पावसाकडे पाहत होता, आणि टाचणी त्याच्याकडे. आवडला. झालं, घोटाळा तिथेच झाला.

"सुईत दोरा ओवताना तुम्ही डावा डोळा मिटता," तो एकदम म्हणाला. "दुकानात या. नंबर तपासून देतो."

"का? टाके वाकडे दिसले कुठे?"

"टाके सरळच आहेत. शिवणारी वाकड्यात शिरते, एवढंच."

ती हसली नाही. तो गेल्यावर मात्र पुष्कळ वेळ हसत बसली, आणि आत्याने चष्म्यावरून बघून न बघितल्यासारखं केलं.

पण सुख असं सरळ कुणाच्या वाट्याला येतं? मालकीणबाईंची मुलगी होती, दातांची डॉक्टर. नाजूक, ठेंगणी, हसली की दवाखान्याची जाहिरातच. गाडी दुरुस्तीला गेली तशी ती तिथे रोज हजर. बाबांची गाडी आहे, पहिली फेरी मीच मारणार, असं ती त्याच्या बाहीला धरून म्हणाली. ही बातमी फोम पोचवायला गेलेल्या टाचणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणली. त्या दिवशी तिच्या बोटात सुई दोनदा घुसली.

"तुला दोन सवती गं," आत्या म्हणाली. "एकीला हा पुसत बसतो, दुसरीला दात दाखवतो."

"मला काय त्याचं?" टाचणी म्हणाली, आणि मशीन एवढ्या जोरात चालवलं की आत्याचं पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही.

चालवणाऱ्याची सीट तयार झाली. मग एका दुपारी तो आला तो नेहमीसारखा बसला नाही. उभ्या उभ्या खिशातली किल्ली काढत होता, पुन्हा ठेवत होता.

"दुसरी सीट... तिच्या मापाची हवी."

"तिच्या म्हणजे?"

"आहे एक." त्याने मान वळवली. "उंची बेताची. दिवसभर वाकून बसायचं काम. पाठ दुखते, पण कबूल करत नाही. हातात सतत काहीतरी टोकदार असतं."

टाचणीच्या हातातला खडू मोडला. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकणारी, हातात टोकदार हत्यार घेतलेली ठेंगणी बाई! आता नाव-पत्ता तेवढा सांगायचा राहिला होता. त्यांनाच घेऊन या, बसवून माप घेते, असं ती कोरड्या आवाजात म्हणाली. तो गडबडला. तिला आधी कळता कामा नये, म्हणाला. अजून विचारायचाच धीर होत नाहीये.

प्रेमात पडलेल्या माणसाच्या अकलेबद्दल फार न बोललेलं बरं. माप टाचणीने कुणाचं घ्यावं? दातवालीला तर बसवता येत नव्हतं. उंची साधारण आपल्याएवढीच, म्हणून ती स्वतःच फोमवर बसली, स्वतःच्याच पाठीला टेप लावला आणि खुणा करून घेतल्या. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही. मत्सराला दिसतं फार, पण समोरचं सोडून.

सीट तिने जीव ओतून शिवली. पाठीला उंचवटा दिला, कडेला बारीक पांढरी गोट लावली. आणि शेवटचं कातडं ओढून बसवण्याआधी, आत्या आत गेलेली पाहून, तिने सुतळीची एक टणक गाठ मारली आणि बैठकीच्या मधोमध फोमच्या पातळ थराखाली सरकवून दिली. हाताला लागणार नाही, सपाट रस्त्यावर कळणार नाही. पण खड्डा आला की बाईसाहेबांना कळेल! मनातली गाठ अशी सीटमध्ये गेली आणि तिला क्षणभर फार बरं वाटलं.

मग आत्याने येऊन सीटवरून हात फिरवला. तुझ्या हातचं आजवरचं सगळ्यात देखणं काम, म्हणाली. टाचणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानाच्या नावाला तिने असा बट्टा कधी लावला नव्हता. उद्या उसवून गाठ काढायची असं तिने ठरवलं. पण मेकॅनिक संध्याकाळीच येऊन सीट घेऊन गेला.

दोन दिवसांनी दुकानासमोर भोंगा वाजला. लाल, चकचकीत, नाक पुढे काढून गाडी उभी होती. चष्मेवाला एकटाच. शेजारची सीट रिकामी.

"बसा," तो म्हणाला.

"मी? आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांची फेरी काल झाली. बसा तर."

आत्याने पाठीवर हात ठेवून जवळजवळ ढकललंच तिला. टाचणी सीटच्या अगदी कडेला टेकली. तो म्हणाला, नीट मागे सरकून बसा, पाठ टेका. पाठीचा उंचवटा तिच्या पाठीत बरोबर बसला... अगदी बरोबर. तिला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण विचार करायला सवड कुठे? गाडी निघाली, आणि पहिलाच खड्डा आला.

टाचणीने ओठ दाबले. दुसरा खड्डा. तिसरा. हा माणूस एवढी जपून ठेवलेली गाडी नेमकी खड्ड्यांतूनच का नेतोय?

"सीट कशी झालीये?" त्याने विचारलं. चेहरा गंभीर, मिशीत हसू.

"थांबवा," ती म्हणाली. "गाडी थांबवा आधी."

रस्ता मोकळा होता. त्याने गाडी झाडाखाली घेतली. टाचणी समोर बघत राहिली.

"मी मुद्दाम गाठ घातलीये आत. टोचावी म्हणून."

"कुणाला?"

"त्या दातवालीला." तिचा आवाज बारीक झाला. "ती... तुमच्या शेजारी बसणार होती म्हणून."

सांगून झालं. आता तो हसेल, नाहीतर चिडेल. तिने हळूच मान वळवली. तो तिच्याकडे बघत होता, गॅरेजमध्ये गाडीकडे बघितलं होतं अगदी तसा.

"काल त्या चालवत होत्या. इथे मी बसलो होतो," तो म्हणाला. "पहिल्याच खड्ड्यात कळलं. टाचणीच्या हातून चुकून गाठ राहत नाही. मग मुद्दाम का घातली असेल? रात्रभर झोप नाही. पहाटे उलगडलं, आणि आज विचारायचा धीर झाला."

"काय विचारायचा?"

"माप कुणाचं घेतलंस सीटसाठी?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. बेताची उंची... दिवसभर वाकून... पाठ दुखते, पण कबूल करत नाही... टाचणीच्या डोक्यात आत्ता कुठे एकेक टाका पडायला लागला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तुझं शहाणपण नुसतं बोलण्यातच," तो हळूच म्हणाला. "मग? बसशील ना इथे? कायमची?"

"सीट उसवून आधी गाठ काढायला हवी."

"राहू दे. इतक्या दिवसांनी पडलीये."

ती हसली, आणि डोळे भरून आले ते त्याच बाहीला पुसले, जी दातवालीने धरली होती. हिशेब चुकता. मग तिने त्याला उठवलं. इकडे तू बस, म्हणाली, मी चालवते. मनातलं एवढे दिवस पोटात ठेवून मला जाळलंस ना?

तो बिचारा मुकाट्याने त्या सीटवर जाऊन बसला. टाचणीने किल्ली फिरवली, आरसा नीट केला, डावा डोळा मिटून समोरचा रस्ता न्याहाळला, आणि दुकानापर्यंत येताना एकही खड्डा चुकवला नाही.