मन्मथच्या नंबरवर आलेला कोड

"मॅडम, कोड ह्या नंबरवर जाणार. शेवटचे दोन आकडे बासष्ट. तुमचाच हाय ना?"

लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळच्या चिंचोळ्या मोबाइलच्या दुकानात मुज्तबाभाईंनी जुना फोन पुढं सरकवला आणि दीपमाला पडद्याकडं बघतच राहिली. त्या दोन आकड्यांशी सात वर्षांनी गाठ पडत होती... तीही अशी, भर दुपारी, अचानक.

दीपमाला इथल्या एका दवाखान्यात सिस्टर होती. तिनं नवा फोन घेतला होता, जुना लोह्याला, गावाकडं आईला द्यायचा होता. आईला, म्हणजे केवळाबाईंना, त्यात भजनं ऐकायची होती.

"आधी कंपनीच्या खात्यातून साइन आउट करा," मुज्तबाभाई म्हणाले होते. "न्हाई तर सगळं पुसल्यावर फोन कुलूप लावून बसतो. मंग माझ्याच्यानं बी उघडणार न्हाई."

पासवर्ड तिला ठाऊकच नव्हता. ते खातं मन्मथनं उघडलं होतं.

नांदेडला ती नर्सिंग शिकत होती, तो शेतकी. अभ्यासिका एकच. तिच्या हाती पहिलावहिला फोन आला, तेव्हा त्यात सिमही नव्हतं. गोदावरीच्या घाटावर, ओल्या पायरीवर बसून खातं उघडताना त्यानं आपलाच नंबर टाकला होता. "राहू दे माझा. कवा अडलीस तर माझ्याकडंच यावं लागंल!" वाऱ्यानं तिचे केस त्याच्या बाहीवर येत होते, आणि दोघंही ते बघून न बघितल्यासारखं करत होती.

मग त्याचे वडील हणमंतराव अंथरुणाला खिळले. तो बिलोलीकडच्या गावी शेती बघायला गेला. तिला लातूरला नोकरी लागली. भांडण नाही, निरोप नाही. आधी कोण फोन करतं याची वाट बघण्यात वर्षं गेली, इतकंच.

तो नंबर आता तिच्याकडं कुठंच लिहिलेला नव्हता. तरी नव्या फोनवर बोटांनी दहाही आकडे न अडखळता दाबले.

"हॅलो... कोण बोलून राहिलंय?" मागं ट्रॅक्टर धडधडत होता.

"मी... दीपमाला."

ट्रॅक्टर बंद झाला.

"तुझ्या फोनवर एक कोड येईल. तेवढा सांग."

"सात वर्षांनी फोन, अन् कोड सांग? फसवणारे अस्संच बोलतेत आजकाल. तू दीपमालाच कशावरून?"

"मन्मथ!"

"हाव, हाव, पटलं. असं दुसरं कुणी वरडत न्हाई."

तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे... मला काढून टाकून राहिलीस."

"आईला द्यायचाय रे फोन..."

"आला कोड."

"सांग ना."

"सांगितला की तू फोन ठेवणार."

मुज्तबाभाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"गेला! कोड बाद झाला."

"मंग दुसरा मागव की," तो इतक्या खुशीत म्हणाला, की तिला हसू फुटलं.

दुसरा मात्र त्यानं एका दमात सांगितला. तिनं नवा पासवर्ड टाकला, बटण दाबलं. खातं निघालं. नुसतं एक काम उरकायला आली होती ती... मग डोळे का भरून यावेत?

"झालं?"

"झालं."

"दीपा... घरात ह्या सिमला रेंजच न्हाई. सगळ्यांकडं माझा दुसराच नंबर हाय. हा नुसता ठेवलाय. कवा तू फोन केलास तर..."

फोनच्या कव्हरांनी भरलेल्या भिंतीकडं तिनं तोंड फिरवलं. "मग तू का नाही केलास?"

"भ्यालो. तू शहरात, मी ढेकळात. लग्न... झालं असंल तुझं?"

"नाही. तुझं?"

"न्हाई."

"रविवारी लोह्याला चाललेय," ती हळूच म्हणाली. "आईला फोन शिकवायला येशील? मी लगेच चिडते."

"येईन की. पण आई इचारंल, हा कोण?"

"मी सांगेन."

"काय सांगशील?"

दुकानात चार माणसं उभी होती. तिनं कुणाची पर्वा केली नाही.

"सांगेन... हा माझा मन्मथ."

पलीकडून तो लगेच म्हणाला,

"पहिल्याच एस्टीनं येतो."